मान दुखायची थांबली की मगच जगायचं का?

वाचकाचं पत्र, थोडं कमी करून:

‘ताई, मी ४१ वर्षांची आहे. लग्नानंतर सतरा वर्षं शाळेचे युनिफॉर्म शिवले, डझनाच्या हिशेबावर. गेल्या वर्षी ऐन सीझनला मान अशी धरली की मशिनीवरून उठता येईना. एमआरआय काढला. मणक्यात गॅप आहे, गादी सरकलीय, नस थोडी दबलीय, असं सांगितलं. पट्टा दिला. तो चौदा महिने गळ्यात आहे, झोपतानासुद्धा. शिलाई बंद. केस धुवायला जावेला हाक मारावी लागते. पाण्याच्या दिवशी नववीतली मुलगी सगळं पाणी भरते आणि मी दारात उभी राहून बघते. सासूबाई म्हणतात, दिसायला तर धडधाकट आहे. मालक, म्हणजे माझे यजमान, म्हणतात, तू पडून राहा. आता डॉक्टर म्हणाले, एकदा मनाच्या डॉक्टरांना भेटा. म्हणजे त्यांनाही मी नाटक करते असंच वाटतं ना? मला अपंगाचा दाखला मिळेल का? निदान लोकांना पटेल तरी.’
एक शिलाईवाली, सोलापूर

ताई,

पत्राच्या शेवटी तुम्ही एक ओळ लिहून पेनानं खोडलीय. मी कागद उजेडासमोर धरून ती वाचली. ‘मी नसले तर सगळ्यांच्या मागची कटकट तरी जाईल.’ ही ओळ इथं लिहावी का, याचा दोन दिवस विचार केला. लिहितेय, कारण अशी ओळ मनात लिहून खोडणाऱ्या बायका आपल्या गावात गल्लोगल्ली आहेत आणि त्यांच्याशी कुणी बोलत नाही.

म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हे. तो विचार पुन्हा आला, तर रात्रीचे तीन वाजले असले तरी १४४१६ या नंबरवर फोन लावा. टेली-मानस नावाची ही सरकारी सेवा आहे. पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. आणि आज रात्री जेवणं झाल्यावर मालकांना हेच वाक्य, याच शब्दांत सांगा. ‘मला बरं वाटत नाही’ असं गुळमुळीत सांगू नका. त्यांना वाटेल, मानच दुखतेय. जीव नकोसा झालाय हे घरातल्या एका तरी माणसाला ठाऊक असायला हवं. आणि विचार नुसता येऊन जात नसेल, काय करायचं हे मनात ठरायला लागलं असेल, तर सकाळची वाट बघू नका. मालकांना उठवा आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा.

तुमच्या मुलीच्या मागची कटकट पाण्याची आहे, ताई. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात ती घरोघरी आहे. तुम्ही नसलात तर ती कमी होणार नाही. तिची आई मात्र जाईल.

आता मानेकडं येते.

मी बावीस वर्षं फिजिओथेरपी करतेय. पण मानेचं दुखणं मी दवाखान्यात नाही, घरात पहिल्यांदा बघितलं. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, शेजारी भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. पत्र्याचा साचा पानावर ठेवायचा, कात्रीनं कापायचं, तंबाखू पसरायची, वळायचं, नखानं तोंड दुमडायचं, दोरा. दिवसाला हजार विड्या. बोलताना ती आमच्याकडं बघायची नाही. आवाज वर यायचा, मान खालीच. संध्याकाळी भिंतीला डोकं टेकवून म्हणायची, ‘मेड नोप्पी’. आमच्या घरात तेलुगू बोलतात. मेड म्हणजे मान, नोप्पी म्हणजे दुखणं. मला वाटतं हे दोन शब्द मी ‘अम्मा’च्या पाठोपाठ शिकले असेन.

शिकून आले आणि पहिलं काम काय केलं, तर आईच्या विड्या बंद करून टाकल्या. मला मोठा अभिमान वाटला होता. आता आराम कर म्हटलं. सहा महिन्यांत तिची मान तेवढीच दुखत होती आणि बाई मात्र वाळून गेली. विड्या गेल्या तशी दुपारची ओसरीवरची बैठक गेली. माल द्यायला चौघीजणी मिळून कारखान्यापर्यंत चालत जायच्या ते गेलं. स्वतःच्या हातचे चार पैसे गेले. ती दुपारीही भिंतीकडं तोंड करून पडायला लागली. विचारलं तर म्हणायची, ‘डोकं जड झालंय.’ आपल्याकडं मन दुखलं असं कुणी म्हणत नाही. डोकं जड होतं, जीव लागत नाही, करमत नाही. मी ते ऐकलं आणि तिला डोकेदुखीची गोळी दिली. मी मान बघितली, त्या मानेची बाई बघितली नाही. तुमचं पत्र वाचताना मला हेच सारखं आठवत राहिलं. तुम्हाला पट्टा देणाऱ्यांचीही चूक याच जातीची असावी.

तुम्ही नाटक करत नाही. दुखणं खरं आहे, शंभर टक्के खरं. पण ‘मनाच्या डॉक्टरांना भेटा’ याचा अर्थ दुखणं खोटं, असा होत नाही. वेदनेवर काम करणाऱ्या जगभरच्या तज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये वेदनेची व्याख्या नव्यानं लिहिली. त्यात शरीराची जाणीव आणि भावना दोन्ही एकाच वाक्यात आहेत. भावना मागून चिकटलेली नाही, ती वेदनेचाच भाग आहे. दुखणं तीन महिन्यांच्या पुढं गेलं की पुष्कळदा नसांचं सगळं जाळंच हळवं होऊन बसतं. घरात एकदा चोरी झाली की पुढं उंदीर खुडबुडला तरी आपण उठून बसतो ना, तसं. झोप नाही, काळजी आहे, घरात कुणी विश्वास ठेवत नाही, पैशाची ओढाताण आहे, तर तो हळवेपणा वाढतो. तीच मान, तोच मणका, पण दुखणं दुप्पट.

तुमच्या रिपोर्टबद्दल एक गोष्ट नीट ऐका. ‘मणक्यात गॅप’ हा शब्द सोलापुरात प्रत्येकाच्या तोंडी आहे. रिपोर्टात बहुतेक वेळा उलटंच लिहिलेलं असतं, दोन मणक्यांमधली जागा थोडी कमी झालीय. पण गॅप म्हटलं की डोळ्यांपुढं भेग पडलेली भिंत येते. हात लावला की ढासळेल अशी. तुमची मान तशी नाही. जपानमध्ये मानेचं काही दुखणं नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले होते. २०१५ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या शंभरात सत्त्याऐंशीहून जास्त लोकांची मानेतली गादी फुगलेली निघाली. विशीतल्या पोरापोरींचीसुद्धा. ही सगळी धडधाकट, कामाला जाणारी माणसं. केस पिकतात तसा मणकाही पिकतो. फोटोत दिसतं तेवढं दुखतं, असं गणित नाही. आणि थोडी दबलेली नस बहुतेकांची काही आठवड्यांत, काही महिन्यांत ऑपरेशनशिवाय शांत होते.

ज्या गोष्टींना मी स्वतः घाबरते, त्या वेगळ्या आहेत. बटण लावताना बोटं चुकायला लागणं, हातातून पेला सुटणं, चालताना पाय अडखळणं किंवा तोल जाणं, हाताची ताकद दिवसेंदिवस कमी होणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं. मानदुखीबरोबर ताप किंवा कारण नसताना घटणारं वजन. यातलं काही असेल तर हे पत्र बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लघवीचा ताबा गेला तर तासाचाही उशीर नको. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही, हातात अधूनमधून मुंग्या येतात एवढंच आहे. तरी प्रत्यक्ष तपासणीत एकदा खात्री करून घ्या.

आमच्याकडं दहा प्रश्नांचा एक तक्ता वापरतात, १९९१ पासूनचा. मान दुखण्यापायी आयुष्य किती अडलंय ते त्यात मोजतात. दुखणं किती, स्वतःचं आवरणं, वजन उचलणं, वाचन, डोकेदुखी, लक्ष लागणं, काम, गाडी चालवणं, झोप आणि विरंगुळा. प्रत्येकाला शून्य ते पाच, एकूण पन्नास. गंमत बघा, दहातला दुखण्याच्या जोराचा प्रश्न एकच. डोकेदुखी सोडली तर उरलेले सगळे जगण्याचे. मी दोन बायका एकाच दिवशी तपासलेल्या आहेत, दोघींचं दुखणं सारखंच. एक कामावर जाऊन आलेली, दुसरी महिनाभर पलंगावर. फरक मानेत नव्हता. दुसरीला कुणीतरी ‘हलू नकोस, मणका जाईल’ असं सांगितलं होतं.

म्हणजे तुमच्याजवळ तीन गोष्टी आहेत. मानेचं दुखणं, त्यामुळं अडलेलं आयुष्य आणि उतरलेलं मन. तुम्ही आणि घरचे सगळे पहिली गोष्ट संपायची वाट बघताय. ती संपली की शिलाई करू, पाणी भरू, हसू. मी म्हणते, दुसऱ्या आणि तिसऱ्यापासून सुरू करा. दुखत असतानाच. बहुतेकींची मान त्यांच्या मागून हळूहळू येते. काहींची पूर्ण येत नाही, हेही तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते. पण तेव्हाही त्या आपल्या घरात परत आलेल्या असतात.

सुरुवात पट्ट्यापासून. नव्यानं आखडलेल्या मानेला थोडे दिवस आधार म्हणून तो ठीक. चौदा महिने म्हणजे आपण मानेच्या स्नायूंना चौदा महिने बसवून पगार दिला. ते दुबळे झालेत. तुमचं ऑपरेशन किंवा फ्रॅक्चर झालेलं नाही, तेव्हा डॉक्टरांना एकदा विचारून तो उतरवायला लागा. एकदम फेकू नका. पहिल्यांदा रात्री काढा. मग सकाळी भाकरी होईस्तोवर. मग दुपारपर्यंत. दोन-तीन आठवड्यांत सुटतो. गेल्याच महिन्यात एका बाईंचा पट्टा मी माझ्या हातानं सोडला. त्यांनी दोन्ही तळहात हनुवटीखाली धरले, जणू डोकं आता घरंगळत खाली पडणार. मी म्हटलं, हात काढा. एक हात काढला. बराच वेळ गेला. दुसरा काढला. आणि त्या रडायलाच लागल्या, दुखलं म्हणून नाही. डोकं जागेवर राहिलं म्हणून.

व्यायाम थोडाच, पण रोज. उताणं पडून, हळूच ‘हो’ म्हटल्यासारखी हनुवटी आत घ्यायची, पाच आकडे थांबायचं, सोडायचं. दहा वेळा. बसून दोन्ही खांद्यांची पाती मागं जवळ आणायची. मान डावीकडं, उजवीकडं, जमेल तिथपर्यंत फिरवायची. पहिल्या वेळी जवळच्या फिजिओथेरपिस्टसमोर करा, हात कुठं ठेवायचा हे बघून कळतं, वाचून नाही. आणि रोज वीस मिनिटं चालणं. एकटीनं नको, कुणाला तरी घेऊन.

शिलाईची माझी पद्धत तुम्हाला विचित्र वाटेल. दुखेपर्यंत शिवायचं नाही आणि दुखतंय म्हणून थांबायचंही नाही. घड्याळ बघून थांबायचं. मोबाइलला पंधरा मिनिटांचा गजर लावा. वाजला की दोरा तोडा आणि उभ्या राहा, मान चांगली असली तरी. बरं वाटलं त्या दिवशी सगळा ढीग उपसायचा आणि पुढचे तीन दिवस झोपून काढायचे, हा आपल्या बायकांचा जुना रोग आहे आणि मानेला तोच सगळ्यात जास्त छळतो. टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे घालून मशीन उंच करून घ्या, म्हणजे वाकावं कमी लागेल. मान वाकवल्यानं मोडत नाही. तासन्‌तास एकाच जागी धरून ठेवल्यानं ती भांडायला लागते. डझनाचं काम एवढ्यात घेऊ नका. घरातल्या उशांचे अभ्रे शिवा. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. दुसऱ्या दिवशी थोडं ठणकेल, बसून राहिलेल्या स्नायूंना काम दिलं की ठणकतं, ती इजा नाही. ठणका दोन दिवस राहिला तर वेळ थोडा कमी करा, शून्यावर जाऊ नका.

एक मात्र मला मनापासून सांगायचंय. डझनावर काम म्हणजे उठलेल्या मिनिटाला पैसे नाहीत. अशा कामात ‘मधे मधे उठत जा’ हा सल्ला पोटावर येतो, हे मला कळतं. शाळा जूनमध्ये उघडतात आणि तुमची मान मे महिन्यात जाते, याला तुमची बसण्याची सवय जबाबदार नाही. निदान स्वतःला तरी दोष देऊ नका.

आता पाण्याचा दिवस. पुढच्या वेळी पाणी येईल तेव्हा दारात उभ्या राहू नका, नळापाशी जा. पाइप तुम्ही धरा. कुठलं भांडं आधी, पिण्याचं कुठं, वापरायचं कुठं, हे तुम्ही सांगा. मग एक लहान बादली अर्धी भरून, दोन्ही हातांनी, अंगाशी धरून आत न्या. एकच. घागर डोक्यावर किंवा कमरेवर नको. मुलीनं ‘राहू दे गं आई’ म्हटलं तरी न्या. पुढच्या पाण्याला दोन. तिचे कष्ट यानं फारसे कमी होणार नाहीत, हे मला माहीत आहे. पण ती आत्ता एकटी पाणी भरतेय आणि आईला दारात रडकुंडीला आलेली बघतेय. त्यातलं दुसरं ओझं घागरीपेक्षा जड आहे.

मनाच्या डॉक्टरांकडं जाच. सिव्हिलमध्ये मनोविकार विभाग आहे, तिथं केसपेपर काढून दाखवता येतं. जाताना मालकांना बरोबर न्या. झोप किती, भूक कशी, रडू कधी येतं, आणि ती खोडलेली ओळ, सगळं सांगा. उदासीनतेवरची काही औषधं जुन्या दुखण्यावरही काम करतात, हळव्या झालेल्या नसा ती शांत करतात. म्हणून चिठ्ठीवर तसलं नाव दिसलं की घाबरू नका. परिणाम दिसायला दोन-चार आठवडे लागतात आणि आपल्या मनानं बंद करायचं नाही. काहींना नुसत्या बोलण्याच्या उपचारानंही बराच फरक पडतो. वेडाचा यात कुठंच संबंध नाही.

दाखल्याचं सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, आणि बऱ्याचशा सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. तिथं कायमचं काय गेलंय ते मोजतात. हाताची ताकद, बोटांची पकड, चाल. नस दबून हात लुळा पडला असता तर मी स्वतः तुम्हाला अर्ज करायला लावला असता. नुसत्या मानदुखीवर ४० टक्क्यांपर्यंत पोचणं फार अवघड आहे, आणि उपचार बाकी असताना बहुतेक वेळा मोजणीही होत नाही. अर्ज करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण तुम्ही दाखला सवलतीसाठी मागत नाही. सासूबाईंना पटावं म्हणून मागताय. त्या कामाला तो कागद उपयोगी पडणार नाही. माझ्याकडं दाखला असलेल्या बायकाही येतात आणि त्यांनाही हेच ऐकावं लागतं.

त्यापेक्षा सासूबाईंना फिजिओथेरपीला एकदा बरोबर घेऊन जा. तिथल्या बाईंना सांगा, यांच्यासमोर समजावून सांगा. मी हे कितीतरी वेळा केलंय. म्हाताऱ्या बायकांना रिपोर्ट कळत नाही, पण सून कुठल्या कोनात मान फिरवली की ओठ दाबते, ते त्यांना लगेच दिसतं. आणि त्यांच्या स्वतःच्या मानेचंही विचारा. या गावातल्या सत्तरीच्या बाईनं विड्या नाहीतर शिलाई नाहीतर मागासाठी सुताच्या कांड्या भरणं, काहीतरी मान खाली घालून केलेलंच असतं. तिला ते कधी कुणी विचारलेलं नसतं.

मालकांना माझा निरोप द्या. ‘तू पडून राहा’ हे त्यांनी मायेनंच म्हटलंय, मीही माझ्या आईला तेच म्हटलं होतं. आता तेवढं सोडून दुसरं म्हणा. संध्याकाळी कामावरून आल्यावर ‘चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ’ म्हणा. तिनं नको म्हटलं तरी चपला काढून ठेवू नका, थोडं थांबा.